योलाच्या पायातला वाळा

मार्चचा शेवटचा आठवडा, हंगामाचा पहिला दिवस, सकाळचे आठ. डगीने पोटावर झोपून खांद्यापर्यंत हात बिळात घातला, आतला पक्षी धरला आणि बाहेर ओढला. पुढच्याच क्षणी त्याच्या मनगटाला झटका बसणार होता आणि पक्ष्याची मान मोडणार होती. तो झटका बसला नाही. डगी ओरडला, त्याची मूठ सैल झाली आणि तळहातातून रक्ताचे थेंब वाळूवर पडले.

ते रक्त मी काढलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना वाळा आहे. बाळाच्या पायात घालतात तसला घुंगरांचा नव्हे. मी निकेल आणि तांब्याचा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. कधीकाळी माझ्या अंगावर आकडे कोरलेले होते, ते आता बोटालाही लागत नाहीत. माझं सगळं आयुष्य एका समुद्रपक्ष्याच्या पायात गेलं. आता मी एका पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकलेला असतो. माझ्या झिजलेल्या कडेने त्या सकाळी एका पक्ष्याचा जीव वाचला आणि त्याच कडेमुळे मला त्या पायातून उतरावं लागलं. ते कसं, हे क्रमाने सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका तारेत ओवलेल्या माझ्या भावंडांबरोबर मी एका पत्र्याच्या डबीत बसून समुद्र ओलांडला आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला बास सामुद्रधुनीतल्या या छोट्या बेटावर येऊन पडलो. अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात वाळे घालणारा, टास्मानियातल्या होबार्टचा एक माणूस या शेडमध्ये आठवडाभर राहिला होता. जाताना त्याने उरलेली डबी आणि एक पक्कड व्हर्ननच्या हातात दिली.

व्हर्नन आणि त्याची थोरली बहीण मर्ल, हे या बेटावरच्या शेडचे मालक. त्यांचे पूर्वज या बेटांवर गोऱ्यांची गलबतं येण्याच्या कितीतरी आधीपासून योलाची पिल्लं धरत आले. योला म्हणजे कावळ्याहून जराशी मोठी, काळपट तपकिरी, लांब अरुंद पंखांची समुद्रपक्षीण. ती जमिनीत बीळ करते, वर्षाला एकच अंडं घालते आणि ते पिल्लू आईबापांपेक्षा जड होईपर्यंत त्याला भरवते. मार्चअखेर माणसं येतात, काही पिल्लं धरतात, उरलेली सोडतात. हंड्याखालची चूल पेटते, उकळत्या पाण्यात बुडवून पिसं काढली जातात, मिठात पिंपं भरली जातात, औषधाला आणि अंगाला लावायला तेल काढून ठेवलं जातं. चूल पेटली म्हणजे हंगाम सुरू झाला. या घरात वर्ष मोजायची तीच रीत.

एका फेब्रुवारीत संध्याकाळ मावळताना व्हर्ननने समुद्रावरून उतरलेली एक तरणी योला अलगद धरली. पकडीने माझं तोंड उघडलं, तिच्या पायाभोवती मला ठेवलं आणि हलकेच दाबलं. मर्ल कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अरे, खायची वस्तू आहे ती. तिला दागिने कसले घालतोस?"

"परत आली तर ओळखता यायला नको का, ताई?"

"आणि नाही आली तर?"

"तर तुझ्यासारखीच म्हणायची. तूही एकदा शहरात, लॉन्सेस्टनला, गेलीस की हिवाळा संपेपर्यंत तोंड दाखवत नाहीस."

मर्लने त्याला पायातला बूट काढून मारला. तो चुकवताना व्हर्ननने हात उघडला आणि योला माझ्यासकट बिळात घुसली. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकत्र.

मी तिच्या पायावर होतो, कातडीला चिकटून. तिचे डोळे काय बघत होते ते मला कधी कळलं नाही. पण आत काय चाललंय ते मला सगळ्यांआधी कळायचं. कारण पायात नाडी असते आणि पायात ऊब असते.

पहिली गोष्ट शिकलो ती ही, की ती घाबरली की तिचे पाय गार पडतात. माणसांचेही पडतात म्हणे. वरून समुद्रगरुडाची सावली गेली की श्वास घ्यायच्या आत माझ्याभोवतीची कातडी थंड व्हायची. रक्त पायांतून निघून जायचं, जिथे गरज आहे तिथे, छातीच्या आणि पंखांच्या मांसाकडे. नाडी इतकी जलद व्हायची की वेगवेगळे ठोके कळायचे नाहीत, नुसती थरथर लागायची. मग जरा वेळाने दुसरी लाट यायची. तिच्या शरीरातल्या एका ग्रंथीतून भीतीचा रस रक्तात सुटायचा आणि साठवलेली साखर पेटायची. तिला भूक नको, झोप नको, फक्त उडायचं असायचं. गरुड निघून गेला की तास-दीड तासात सगळं शांत. पाय पुन्हा कोमट. मला वाटायचं, किती चांगली व्यवस्था आहे. भीती येते, काम करते, निघून जाते.

ती वर्षं चांगली होती. सप्टेंबर सरताना आम्ही उत्तरेकडून परत यायचो, दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला. घराचं बीळ उकरून साफ करायचं, जोडीदाराची वाट बघायची, नोव्हेंबरच्या अखेरीला अंडं. जानेवारीत पिल्लू. पिल्लासाठी आम्ही कधी जवळच्या पाण्यात मासे शोधायचो, कधी थेट दक्षिणेच्या बर्फापर्यंत जायचो. त्या पाण्यात माझ्यावर बर्फाचा चुरा घासायचा. परत येताना तिच्या पोटात तेल गच्च भरलेलं असायचं आणि तिच्या पायाचं मांस माझ्या आत घट्ट बसायचं.

मार्चअखेरच्या त्या सगळ्या संध्याकाळी मला अजून आठवतात. अंधार पडता पडता हजारो योला समुद्रावरून येत, आकाश काळं होई, आणि खाली शेडच्या खिडकीतून पिवळा उजेड आणि अकॉर्डियनचा आवाज. धुराचा, तेलाचा आणि राखेत भाजलेल्या डॅम्पर नावाच्या जाड पावाचा वास. बायकांच्या केसांत पिल्लांची लव अडकलेली. कोणीतरी व्हर्ननला गायला सांगे आणि मर्ल म्हणे, "नको गं बाई, पक्षी येताहेत ते परत जातील."

हंगामाच्या पहिल्या रात्री, आम्ही समुद्रावरून उतरलो की व्हर्नन न चुकता आमच्या बिळापाशी पोटावर झोपायचा. हात आत घालायचा नाही. तोंड बिळाशी आणून म्हणायचा, "काय म्हातारे, आलीस का?" बिळापाशी त्याने पांढरा रंग दिलेली एक काठी रोवली होती. त्या काठीचा अर्थ बेटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होता: या बिळातलं पिल्लू सोडायचं.

एका वर्षी तो आवाज आला नाही. मर्ल एकटीच आली. तिने पांढरी काठी हलवून बघितली, पक्की आहे की नाही, आणि निघून गेली. व्हर्नन गेल्याचं मला असं कळलं.

पुढच्या वर्षांत त्याची मुलगी रोनेल येऊ लागली. ती होबार्टला पक्ष्यांच्या शरीराचा अभ्यास करते. तिच्याकडे सुई होती, बारीक नळ्या होत्या आणि गळ्यात घड्याळ. फेब्रुवारीत पिल्लू मोठं झालं की ती योलाला एकदा धरायची आणि पंखाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायची. धरल्या क्षणी घड्याळ सुरू. तीन मिनिटांच्या आत थेंब मिळाला तर ठीक, नाही तर सोडून द्यायचं.

मर्लने विचारलं, "एवढी घाई कशाची? गाडी चुकतेय?"

"आत्या, भीतीचा रस रक्तात चढायला तीन मिनिटं लागतात. त्याआधीचं रक्त तिचं आयुष्य सांगतं. त्यानंतरचं रक्त फक्त माझ्या हाताबद्दल सांगतं."

मर्लने तिची बोटं चाचपली. "तुझ्या हाताबद्दल मीच सांगते. तुझा हात गार आहे. खिशात घालून गरम कर आणि मग तिला धर."

रोनेल त्यानंतर नेहमी हात गरम करूनच यायची. दोघींमध्ये कुरबुर असे, पण मर्लच्या एका नियमापुढे रोनेलही काही बोलत नसे. योला उत्तरेकडून परत आल्यापासून पिल्लू अंड्यातून बाहेर येईपर्यंत बिळात कोणाचा हात जाता कामा नये, दिवाही न्यायचा नाही. त्या दिवसांत धरलेली योला अंडं टाकून जाते, हे त्या घराने पूर्वी पाहिलेलं होतं. रोनेलचा अभ्यासही तेच सांगत होता.

मग काय बिघडलं, ते मला बेटावर कळलं नाही. ते कळलं फार दूर, उत्तरेच्या समुद्रात, जिथे आमचा हिवाळा, म्हणजे दक्षिणेकडचे मे ते ऑगस्ट, जातो.

आधी पाणी बदललं. जिथे मी दरवर्षी गारठत असे तिथलं पाणी कोमट लागू लागलं. वर तरंगणारं बारीक अन्न खाली खोल गेलं. तिच्या बुड्या लांबत गेल्या आणि रिकाम्या चोचीने वर येणं वाढलं. एके दिवशी मी तिच्या पायावर सैल फिरलो. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

आणि नाडी. पूर्वी पाण्यावर विसावताना नाडी संथ व्हायची, ती आता होईना. आसपास गरुड नव्हता, वादळ नव्हतं, तरी तो भीतीचा रस रक्तात थोडाथोडा सुटतच राहिला. मी वाट बघायचो की आता ओसरेल, आता ओसरेल. भीती आली, काम केलं, पण निघून गेली नाही. मित्रांनो, घटकाभराची भीती जीव वाचवते. महिनोन्‌महिने मुक्काम करणारी भीती जीव आतून पोखरते. आधी कातडीखालची चरबी गेली. मग ती ज्या मांसावर उडते त्या छातीच्या मांसाला हात लागला. त्याच दिवसांत तिची नवी पिसं उगवत होती. उपासाच्या दिवसांत उगवलेल्या पिसात एक फिकट, विरळ आडवी रेघ राहते. पुढे पोट भरलं तरी ती रेघ बुजत नाही.

परतीच्या वाटेवर आमच्या सोबतच्या कित्येक योला पाण्यावर बसल्या आणि उठल्या नाहीत. आम्ही बेटावर पोचलो ते फार उशिरा. बिळातला जोडीदार आधीच येऊन थांबला होता. अंडंही उशिरा घातलं गेलं, पिल्लू उशिरा निघालं. भरवायच्या खेपा लांबत गेल्या. पुढे एका खेपेनंतर जोडीदार परत आला नाही. पिल्लाला भरवणारी आता एकटी तीच होती.

आणि माणसांना यातलं काहीही माहीत नव्हतं. कारण योला कधी चुकत नाही, हा त्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. कॅलेंडर चुकेल, सरकार चुकेल, योला चुकणार नाही. त्या वर्षी हिवाळ्यापासून मर्लचं गुडघ्याचं दुखणं आणि रोनेलचं परदेशातलं काम यांमुळे बेटावर कोणी आलं नव्हतं. तारीख आली तशी बोट भरली. लाकडं, मीठ, पिंपं, डगी आणि त्याची दोन मुलं, मर्ल, परदेशातून परतलेली रोनेल, सगळे आले. डगी हा मर्लचा मुलगा, बेटावरचा सगळ्यांत चपळ हात. बिळात हात घातला की पहिल्या स्पर्शाला त्याला कळतं, आत ऊब आहे की नाही. हवा गार लागली तर साप असू शकतो, हात बाहेर. ऊब लागली तर पिल्लू. धरायचं, ओढायचं, मनगटाचा झटका. हे सगळं एका हालचालीत होतं. डोळ्यांना बघायचं काम उरत नाही.

हंगामात दिवसा बिळात मोठी योला कधीच नसते. सगळ्या समुद्रावर असतात. त्या दिवशी ती होती. पहाटे उडून जायला तिला जमलं नव्हतं. पिल्लाशेजारी ती डोळे मिटून पडली होती. आणि व्हर्ननची पांढरी काठी हिवाळ्यातल्या वादळाने कधीच नेली होती.

डगीच्या हाताला ऊब लागली.

त्याने तिचे पाय आणि पंखाचं टोक एकत्र मुठीत धरलं. मी इतक्या वर्षांत घासून पात्यासारखा झालो होतो. पाय बारीक झाल्याने मी सैल फिरत होतो, माझी कड नेमकी त्याच्या तळहाताकडे आली. त्याने झटक्यासाठी मूठ आवळली आणि मी त्याच्या मांसात शिरलो.

"मेलो! साप चावला!"

रोनेल धावली. तिच्या मागून मर्ल, काठी टेकत. डगीची थोरली मुलगी मात्र वाकून बघत म्हणाली, "बाबा, सापाला पिसं कधीपासून आली?"

योला डगीच्या ढोपराशी पंख पसरून पडली होती. पळायचा प्रयत्नही करत नव्हती. रोनेलने तिला अलगद उचललं, उलटं केलं आणि माझ्यावर तिची नजर पडली. तिच्या खांद्यावरून मर्ल वाकली.

"ही व्हर्ननची आहे."

डगीचा चेहरा उतरला. "आई, काठी नव्हती. देवाशपथ काठी नव्हती."

"काठी नव्हती ते मला दिसतंय. तुझ्या हाताला नुसती ऊब कळते, वजन कळत नाही का?"

"वजन कळेपर्यंत झटका बसलेला असतो!"

"डगी, धरून किती वेळ झाला?" रोनेलने विचारलं.

"माझा हात फाटलाय आणि मी घड्याळ बघत बसू?"

रोनेलने सुई काढलीच नाही. तीन मिनिटं कधीच उलटली होती. आता रक्तात फक्त डगीचा हात होता. तिने योलाच्या छातीवर बोट फिरवलं. पूर्वी दोन्ही बाजूंनी भरलेल्या त्या छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या पाठीसारखं लागत होतं. मग तिने पंखाखालचं एक छोटं पीस काढून उजेडात धरलं. त्यावर ती आडवी रेघ होती.

मर्लने डोळे बारीक केले. "उपासाची रेघ. पिसं उपटताना आजी दाखवायची. पण ती पिल्लांच्या पिसांवर. मोठीच्या अंगावर मी कधी बघितली नव्हती."

रोनेलने मग पिशवीतून पक्कड काढली आणि मला धरलं. मर्लने तिचं मनगट पकडलं.

"त्याला हात लावायचा नाही."

"आत्या, याची धार बघ. याने डगीला कापलं, उद्या तिचाच पाय कापेल. आकडेही राहिले नाहीत. नवा घालते, पोलादाचा."

"माझ्या भावाने घातलाय तो."

"माझ्या बापाने घातलाय, आत्या. म्हणूनच काढतेय."

माझ्याखाली योलाचा पाय बर्फासारखा गार होता आणि नाडीची ती थरथर चालूच होती. शेवटी मर्लने हात सोडला. पक्कड फिरली, मी उघडलो, आणि त्या पायाची आणि माझी सोबत संपली. मी कितीदा तरी त्या पायावर ऊन, बर्फ, वादळ पाहिलं होतं. उतरताना मात्र पाय गारच होता. तो कोमट होईपर्यंत मला थांबायला आवडलं असतं.

रोनेलने मला मर्लच्या हातात दिलं, योलाच्या पायात नवा पोलादी वाळा घातला, तिला पिल्लाशेजारी परत ठेवलं आणि बिळाच्या तोंडावर गवत ओढलं.

त्यानंतर मर्लने जे केलं ते मी तिच्या मुठीतून ऐकलं. ती गुडघा धरत एकेका बिळापाशी गेली आणि डगीला पिल्लं बाहेर काढायला लावली, झटका न देता. ती हातात घेऊन तोलायची आणि परत ठेवायला सांगायची. मार्चअखेर जी पिल्लं लोण्याच्या गोळ्यासारखी असायला हवीत, ती लवेच्या चेंडूसारखी होती. फुगलेली आणि आत काही नाही. बरीच बिळं तर रिकामीच.

शेडपाशी येऊन ती म्हणाली, "चूल पेटवायची नाही."

"आई, लाकडं उतरवलीत, मीठ आणलंय, मुलांची शाळा बुडवलीय!"

"मीठ नासत नाही. मुलांना उद्यापासून शाळा."

"तू नेहमी म्हणतेस, एक हंगाम चुकला की हात विसरतो. दोन चुकले की पोरं विसरतात. पुढच्या वर्षी ही दोघं फोन सोडून इथे यायला तयार होतील?"

डगीचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मर्ललाही ठाऊक होतं. या शेडमध्ये ती रांगायला शिकली होती. चूल पेटली नाही असं एकही वर्ष तिला आठवत नव्हतं.

"विसरले तर मी शिकवीन," ती म्हणाली. "पण पक्षीच संपले तर शिकवू काय?"

त्या संध्याकाळी योला बिळातून निघून समुद्राकडे गेली, असं रोनेलने सांगितलं. तिने बिळाच्या तोंडाशी बारीक काड्यांची रांग उभी केली. कोणी आत-बाहेर गेलं तर काड्या पडणार. रोज सकाळी ती जाऊन बघे. बोट निघायच्या दिवसापर्यंत काड्या उभ्याच होत्या. पिल्लू आत जिवंत होतं, हलकं होतं आणि वाट बघत होतं. ज्या आईला स्वतःचा जीव आणि पिल्लाचा जीव यांतला एकच वाचवता येईल, तिचं शरीर तिला परत फिरू देत नाही. मी हे तिच्या बाजूने सांगतो, कारण मी तिच्या पायात होतो. तिने पिल्लू सोडलं असेल, तर ते मनाने नव्हे. पण सोडलंच, असंही मला ठामपणे सांगता येत नाही.

जाताना मर्लने मला खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. "इथे थांब," ती मला म्हणाली. मी थांबलो. हिवाळाभर पत्रा वाजत होता आणि माझ्यावर मिठाची पुटं चढत होती.

सप्टेंबरच्या अखेरीला तिघं परत आले. डगी छपराचे पत्रे ठोकायला, रोनेल तिच्या कामाला आणि मर्ल कोणत्याही कारणाशिवाय. चहा घेताना रोनेलने त्या पिसाचं काय निघालं ते सांगितलं. पीस उगवत असताना रक्तात जो रस असतो तो पिसात मुरतो. त्या पिसात तो फार होता. आणि ते पीस इथे उगवलेलं नव्हतं, उत्तरेच्या समुद्रात उगवलेलं होतं.

"म्हणजे माझा हात लागायच्या कितीतरी आधी," डगी हळूच म्हणाला. तळहातावरचा व्रण तो अंगठ्याने चोळत होता.

"हो. तुझ्यामुळे नाही. माझ्या सुईमुळेही नाही. तिथलं पाणी तापलंय."

"म्हणजे आपल्या हातात काहीच नाही," मर्ल म्हणाली.

"पाणी गार करणं आपल्या हातात नाही, आत्या. पण ती आधीच ओझं घेऊन येते. त्यात आपली भर घालायची नाही, एवढं आहे."

मर्लने मान हलवली. मग तिने ठरवून टाकलं. बिळं भरली, अंडी वेळेवर आली, तर मार्चमध्ये चूल पेटेल. नाही तर नाही. डगीने वाद घातला नाही. त्याने फक्त विचारलं, "आणि मामाचं बीळ?"

"त्याचं वेगळं," मर्ल म्हणाली.

डगीने नवी काठी तासली, पांढरी रंगवली आणि यावेळी दगड घालून रोवली. रोनेलने बिळाच्या तोंडाशी पुन्हा काड्या उभ्या केल्या. पहिल्या संध्याकाळी योला आल्या. थवा पूर्वीपेक्षा विरळ होता, पण आल्या. शेडमध्ये कोणी अकॉर्डियन वाजवलं नाही. तिघं दार लोटून, दिवा मालवून आवाज ऐकत बसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या झिजलेल्या धातूचं ऐकून कोणी समुद्र थंड करणार नाही. पण कधी एखाद्या घरट्यात, बिळात, ढोलीत हात घालावासा वाटला, तर माझी आठवण ठेवा. आतला जीव तुमच्यासमोर ओरडणार नाही. त्याचे पाय गार पडतील आणि ते तुम्हाला कळणारही नाही. हात मागे घ्या. त्याच्याकडे आधीच पुरेशी भीती असेल.

आज सकाळी साडेसहाला रोनेल धावत शेडमध्ये आली. काड्या पडल्या आहेत. आतल्या बाजूला पडल्या आहेत, म्हणजे कोणीतरी आत गेलंय.

"योलाच कशावरून?" डगी म्हणाला. "पेंग्विन असेल. नाही तर खराच साप."

"हात घालून पायातलं चाचपते. एका क्षणात कळेल. नवा वाळा आहे की नाही," रोनेल म्हणाली आणि मर्लकडे बघितलं.

मर्ल खिडकीशी उभी होती. तिने मला खिळ्यावरून काढलं, तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली. तिचा हात गार होता.

"पिल्लू निघेपर्यंत नाही," ती म्हणाली.

पिल्लं जानेवारीत निघतात. आज ऑक्टोबरची पहिली तारीख आहे. बिळात कोण आहे, ते अजून कोणालाही माहीत नाही.